हिऱ्याचें पाणी

आज एखाद्या पेढीवर हिऱ्याची अंगठी घेण्यास गेलें, म्हणजे खड्याबरोबर एक छापील कागदही आपल्या हातीं येतो. त्यावर वजन कॅरटमध्यें दिलेलें असतें; रंगाच्या रकान्यांत 'जी' किंवा 'एच' असें एखादें इंग्रजी अक्षर असतें; स्वच्छतेच्या रकान्यांत 'व्हीएस २' अशी कांहींशी गूढ मुद्रा असते; आणि घडणीच्या रकान्यांत परीक्षेच्या निकालासारखा एक शेरा असतो. घेणारा गृहस्थ तो कागद उलटसुलट करून पाहातो, मान हलवितो आणि पैसे मोजतो. खड्याची किंमत त्या कागदावरून ठरते, हें त्यास ठाऊक असतें. परंतु तो कागद कशावरून ठरला, हें विचारावें असें सहसा त्याच्या मनांत येत नाहीं.

त्या कागदावरची पट्टी सनातन नव्हे. तिचा मुख्य भाग १९५३ सालीं अमेरिकेंत तयार झाला. उलट, हिऱ्याची पारख आपल्या देशांत दोन हजार वर्षांपासून चालत आलेली आहे. बोर्निओ बेटाचा अल्पसा वांटा सोडला, तर अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत जगास हिरे पुरविणारा देश हिंदुस्थान हाच होता. मग इतक्या दीर्घ काळांत आपल्या पारख्यांनीं हिऱ्यांत काय पाहिलें, आणि आज जें पाहिलें जातें तें त्याहून निराळें कां, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

राजाच्या कोशांत कोणतीं रत्नें घ्यावीं हें सांगतांना कौटिल्यानें अर्थशास्त्रांत हिऱ्याचाही विचार केला आहे. त्याला हिरा हवा तो मोठा व वजनदार, घाव सोसणारा, कोन सारखे असलेला, भांड्यावर ओरखडा काढणारा आणि तेज फांकणारा. कोन झिजलेला, कडा बोथटलेला किंवा एका अंगास कललेला हिरा त्यानें हिणकस ठरविला. हिरे ज्या प्रदेशांतून येत, त्यांच्या यादींत 'सभाराष्ट्र' असें एक नांव आहे, आणि टीकाकारांनीं त्याचा अर्थ विदर्भ असा केला आहे. पुढें सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत प्रदेशानुसार हिऱ्यांचे रंग सांगितले. त्यांत शूर्पारकाचा, म्हणजे आपल्या सोपाऱ्याचा, हिरा काळा म्हटला आहे. सोपाऱ्यास हिऱ्याची खाण असण्याचा संभव नाहीं. तें बंदर होतें, आणि बंदरावर जो माल मिळे त्यास बंदराचेंच नांव पडलें असावें. व्यापारांत असें नेहमींच होतें. गोवळकोंड्याच्या किल्ल्यांतही कधीं हिरा निघाला नाहीं. तरी साऱ्या जगानें 'गोवळकोंड्याचे हिरे' हेंच नांव चालविलें.

या जुन्या शास्त्रकारांच्या मनांतील आदर्श हिरा कसा होता? सहा टोकें, आठ पृष्ठें आणि बारा धारा असलेला. दोन चौकोनी मनोरे तळाशीं तळ लावून जोडावे, तशी ही आकृति होते. हिऱ्याचा स्फटिक जमिनीच्या पोटांत निर्वेधपणें वाढला, तर तो बहुधा याच आकाराचा होतो. म्हणजे शास्त्रकारांचा आदर्श हा मनुष्यानें घडविलेला खडा नसून निसर्गानें पूर्ण केलेला खडा होता. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व घालमेल येथून सुरू होते.

दोषांचीं नांवें तर फार मजेचीं आहेत. खड्यांत कावळ्याच्या पायासारखी चीर असली तर तो काकपद दोष. आंत माशी बसल्यासारखा डाग दिसला तर मक्षिका. बारीक रेघ असली तर केश. खडे किंवा धातूचा अंश अडकला असेल तर तेंही वैगुण्य. आज अमेरिकेंत शिकून आलेला परीक्षक दहापट मोठें दाखविणारें भिंग डोळ्यास लावून बसतो, तेव्हां तोही आंतील चिरेस पीस म्हणतो, धुरकट ठिपक्यांस ढग म्हणतो, बारीक रेघेस सुई म्हणतो. दीड हजार वर्षांनंतरही मनुष्याच्या डोळ्यानें तेच दोष पाहिले, आणि उपमा मात्र ज्यानें त्यानें आपापल्या परसांतून घेतल्या.

सर्वच लक्षणें अशीं टिकलीं नाहींत. पांढरा हिरा ब्राह्मणांस, तांबूस किंवा पिंवळा क्षत्रियांस, अशी चातुर्वर्ण्याची वांटणी रंगांवर बसविली गेली. तिचा खड्याच्या गुणाशीं कांहीं संबंध नाहीं. चांगला हिरा हलका असतो व पाण्यावर तरतो, असेंही सांगितलें आहे. हिरा पाण्याच्या साडेतीनपट जड. तो तरणार कसा? परंतु हें वचन निव्वळ थट्टेवारी नेण्यासारखेंही नाहीं. हिऱ्याच्या पृष्ठास पाणी लागत नाहीं, चरबी मात्र चिकटते. दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत चरबीचा लेप दिलेल्या फळ्यांवरून ओली रेती सोडीत. रेती वाहून जाई आणि हिरे फळीस चिकटून राहात. कोरडी, बारीक कणी पाण्याच्या पृष्ठावर क्षणभर टेकलेली कोणा पारख्यानें पाहिली असेल, आणि त्याचें लक्षण बनलें असेल, असा माझा तर्क आहे. घाव सोसण्याच्या लक्षणानें मात्र पुष्कळ नुकसान केलें असावें. तुकोबांच्या एका प्रसिद्ध अभंगांतही ऐरणीवरील हिऱ्याचा दृष्टांत आला आहे. दृष्टांत म्हणून तो उत्तमच. पण घरचा हिरा कोणी त्याप्रमाणें पारखूं नये. हिरा कठीण खरा, म्हणजे त्यावर दुसऱ्या खनिजाचा ओरखडा उठत नाहीं; परंतु विशिष्ट दिशेनें घाव बसला तर तो सरळ चिरतो. पैलू पाडणारे कारागीर याच गुणाचा उपयोग करून खडा फोडतात.

आतां किंमत पाहा. वराहमिहिरानें वजनाचें परिमाण तांदूळ हें धरलें असून, आठ पांढऱ्या मोहऱ्यांचा एक तांदूळ मानला आहे. वीस तांदूळ भाराच्या निर्दोष हिऱ्यास दोन लक्ष नाणीं. दहा तांदूळ भाराच्या हिऱ्यास त्याचा पांचवा हिस्सा, म्हणजे ४०,०००. चार तांदुळांस शंभरावा हिस्सा, म्हणजे २,०००. आणि दोन तांदुळांस हजारावा हिस्सा, म्हणजे अवघीं २००. वजन दसपट झालें कीं किंमत हजारपट! मोठा खडा दुर्मिळ असतो, म्हणून त्याची किंमत वजनाच्या प्रमाणांत न चढतां त्याहून फार वेगानें चढते, हें तत्त्व येथें स्पष्ट मांडलें आहे. युरोपांत किंमत वजनाच्या वर्गाप्रमाणें धरण्याचा नियम पुढें रूढ झाला. लंडनच्या डेव्हिड जेफ्रीज या जवाहिऱ्यानें १७५० सालच्या आपल्या ग्रंथांत तो सविस्तर मांडला. आपल्या कोष्टकांतील चढण त्याहूनही उभी आहे.

ही झाली ग्रंथांतील पारख. बाजारांतील पारख पाहावयाची तर ज्यां बाप्तिस्त ताव्हर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याकडे गेलें पाहिजे. सतराव्या शतकाच्या मध्यास तो कर्नूलच्या बाजूस रामल्लकोट्याच्या आणि कृष्णेच्या कांठीं कोल्लूरच्या खाणींवर जाऊन आला, आणि १६७६ सालीं त्याचें प्रवासवर्णन प्रसिद्ध झालें. त्यांतील एक प्रसंग मला सर्वांत अधिक आवडतो. रामल्लकोट्यास दहा ते पंधरा-सोळा वर्षांचीं व्यापाऱ्यांचीं मुलें सकाळीं गांवच्या चौकांतील झाडाखालीं येऊन बसत. प्रत्येकाच्या एका कुशीस हिरे तोलण्याच्या वजनांची पिशवी, दुसऱ्या कुशीस होनांची थैली. कोणाकोणाच्या थैलींत सहाशें होन असत. कोणी हिरा विकावयास आणला, कीं तो सर्वांत वडील मुलाच्या हातीं द्यावयाचा. तो पाहून शेजाऱ्यास देई, शेजारी पुढच्यास. असा खडा हातोहात फिरून पहिल्याकडे परत येई, आणि या वेळांत कोणी एक शब्दही उच्चारीत नसे. मग वडील मुलगा भाव करी. महाग घेतला तर तोटा त्याचा. संध्याकाळीं सगळीं मुलें दिवसाची खरेदी मांडून पाणी, वजन आणि स्वच्छता यांप्रमाणें खडे लावीत आणि मोठ्या व्यापाऱ्यांस नेऊन विकीत. नफा सर्वांत वांटला जाई. म्होरक्यास किंचित् अधिक. माझें आयुष्य याच वयाच्या मुलांना शिकविण्यांत गेलें, म्हणूनही असेल, पण परीक्षकांची इतकी शिस्तीची सभा मला दुसरी ठाऊक नाहीं.

मोठ्यांची रीतही पाहाण्यासारखी होती. युरोपांत कच्चा हिरा दिवसाउजेडीं पाहात. येथें तो रात्रीं पाहात: भिंतींत हातभर चौरस कोनाडा करून त्यांत जाड वातीचा दिवा ठेवावयाचा, आणि त्या एकाच ज्योतीसमोर खडा बोटांत धरून आंतील पाणी व दोष पाहावयाचे. निळसर झांक ओळखणें सर्वांत अवघड. त्यासाठीं खडा दाट पानांच्या झाडाखालीं नेत, कारण हिरव्या छायेंत ती लगेच उघडी पडे. सौदा होई तो मुक्यानें, कमरेच्या शेल्याखालीं हात घालून: पंजा धरला तर हजार, एक बोट म्हणजे शंभर, अर्धें बोट म्हणजे पन्नास, आणि पहिल्या पेरापर्यंतचें टोक म्हणजे दहा. आपल्याकडील बैलबाजारांत उपरण्याखालीं बोटें दाबून भाव ठरतांना ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस हें नवल वाटणार नाहीं.

पाणी, वजन, स्वच्छता. त्या मुलांच्या या तीन कसोट्यांत घडण, म्हणजे पैलू, कोठेंच नाहींत. याचें कारणही ताव्हर्नियेच्या वर्णनांतच सांपडतें. हिरा निर्मळ असला तर येथील कारागीर त्यास वरून व खालून चाकाचा नुसता स्पर्श करीत. आकार देण्याच्या भरीस पडत नसत, कारण वजन घटेल. खड्यांत डाग किंवा चीर असली, तरच ती झांकण्यासाठीं त्यावर सर्वभर लहान लहान पैलू पाडीत. अर्थात् आपल्या बाजारांत पैलूंची गर्दी हें सौंदर्याचें नव्हे, तर संशयाचें चिन्ह होतें. युरोपांत नेमकें उलट घडत होतें. तेथें कच्चा माल पिकत नव्हता. होतें तें कारागिराचें चाक. वजन गेलें तरी चालेल, पण आंत शिरलेला प्रकाश डोळ्याकडे परत आला पाहिजे, ही तेथील दृष्टि. खाणीच्या देशानें द्रव्य मोजलें आणि चाकाच्या देशानें झगमगाट मोजला, असें मला वाटतें.

अठराव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत ब्राझिलांत हिरे सांपडले आणि आपली मक्तेदारी संपली. आरंभीं युरोपचे व्यापारी त्या हिऱ्यांस खरे मानीतना; म्हणून पोर्तुगीज व्यापारी ते आधीं गोव्यास पाठवून मग हिंदुस्थानी हिरे म्हणून विकीत, असें त्या व्यापाराच्या इतिहासांत सांगितलें जातें. खडा तोच, पण गोव्याचा शिक्का बसला कीं प्रत वाढली!

या दोन दृष्टींची गांठ पडली ती कोहिनूरवर. १८४९ सालीं पंजाब खालसा झाल्यावर लाहोरच्या तहानें तो हिरा व्हिक्टोरिया राणीकडे गेला. १८५१ सालीं लंडनच्या हाइड पार्कमधील महाप्रदर्शनांत तो मांडला, तेव्हां पाहावयास लोटलेल्या लोकांची घोर निराशा झाली. पिंजऱ्यांत ठेवलेला हा जगप्रसिद्ध खडा त्यांना कांचेच्या तुकड्यासारखा वाटला. दिव्यांची रचना बदलून पाहिली, तरी लोकांचें समाधान होईना. खडा मोगली पद्धतीनें घडविलेला होता. त्याचें वजन राखलें होतें, आणि तो पाहावयाचा तो दरबारांत, हातावर किंवा दंडावर, हालत्या दिव्यांच्या उजेडांत. राणीचे पति आल्बर्ट यांनीं शास्त्रज्ञांचा सल्ला घेतला. सर डेव्हिड ब्रूस्टर यांस खड्यांत सूक्ष्म पोकळ्या आढळल्या. तरीही तो नव्यानें घडविण्याचें ठरलें. आम्स्टरडॅमच्या कॉस्टर पेढीचे कारागीर लंडनला आणले, वाफेचें यंत्र बसविलें, आणि जुलै १८५२ मध्यें वृद्ध ड्यूक ऑफ वेलिंग्टननें पहिला पैलू चाकास लावला. काम ३८ दिवस चाललें. खर्च ८,००० पौंड आला. जुन्या मापानें १८६ कॅरट, म्हणजे आजच्या मापानें सुमारें १९१ कॅरट असलेला हिरा १०५.६ कॅरट उरला. शेंकडा चाळिसांहून अधिक भाग धूळ होऊन गेला, आणि इतकें होऊनही आल्बर्टचें मन भरलें नाहीं. लुटीच्या अन्यायाबद्दल आपण पुष्कळ ऐकतों. या दुसऱ्या हानीबद्दल फारसें कोणी बोलत नाहीं: एका देशाच्या मापानें जो पूर्ण होता, तो दुसऱ्या देशाच्या मापानें अपुरा ठरला, आणि माप न बदलतां खडा बदलला गेला.

यापुढील इतिहास लौकर सांगतां येईल. १८६७ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेंत हिरे निघूं लागले आणि माल इतका वाढला कीं मापें एकसारखीं करणें भाग पडलें. गांवोगांवचा कॅरट थोडाथोडा निराळा होता; १९०७ सालीं तो २०० मिलिग्रॅम असा ठरला. १९१९ सालीं मार्सेल टोल्कोव्स्की या बेल्जियन घराण्यांतील तरुण इंजिनियरानें घडणीचें गणित मांडलें. हिऱ्याच्या आंत शिरलेला किरण पृष्ठावर ठराविक तिरकसपणानें आदळला, तर तो बाहेर न पडतां आरशावरून परतावा तसा परततो. खालच्या पैलूंचा उतार सुमारें पावणेएकेचाळीस अंशांचा राखला, तर बहुतेक प्रकाश दोन वेळां वळून पाहाणाराकडे येतो. खडा फार उथळ किंवा फार खोल घडविला, तर प्रकाश तळांतून गळून जातो. कारागिराच्या हाताला जें अनुभवानें कळत होतें, तें आतां कागदावर आलें.

१९३१ सालीं रॉबर्ट शिप्ले यानें अमेरिकेंत रत्नविद्येची संस्था काढली, आणि विद्यार्थ्यांच्या लक्षांत राहावें म्हणून कॅरट, कलर, क्लॅरिटी, कट या चार शब्दांची मोट बांधली. १९५३ सालीं त्याचा उत्तराधिकारी रिचर्ड लिडिकोट याच्या नेतृत्वाखालीं रंगाची व स्वच्छतेची पट्टी निश्चित झाली. रंगाची पट्टी 'डी' पासून कां, 'ए' पासून कां नाहीं, असें पुष्कळजण विचारतात. त्यापूर्वीं व्यापारी आपल्या मालास 'ए', 'दोन ए', 'तीन ए' अशा मनमानी पदव्या देत. अगदीं सामान्य मालही 'ए' म्हणून खपे. त्या गोंधळाचा वासही नव्या पट्टीस लागूं नये म्हणून पहिलीं तीन अक्षरें सोडून दिलीं. 'डी' म्हणजे पूर्ण बिनरंगी; 'झेड' पर्यंत पिंवळी किंवा तपकिरी छटा वाढत जाते. खडा पालथा ठेवून, ठराविक पांढऱ्या प्रकाशांत, रंग आधींच निश्चित केलेल्या नमुन्याच्या खड्यांशेजारीं लावून हें ठरवितात. कारण सुलट्या खड्याचा झगमगाट डोळ्यास फसवितो. स्वच्छता दहापट भिंगाखालीं पाहातात. त्या भिंगांतून कांहींच दिसलें नाहीं तर निर्दोष. अतिशय कष्टानें दिसलें तर 'व्हीव्हीएस'. आणि असें उतरत उतरत नुसत्या डोळ्यांस दिसणाऱ्या दोषांपर्यंत. घडणीची प्रत मात्र या संस्थेनें २००६ सालींच, तीही गोल पैलूदार हिऱ्यांपुरती, देण्यास आरंभ केला.

या पट्टीचा मोठा गुण असा, कीं मुंबईचा व्यापारी आणि न्यूयॉर्कचा व्यापारी एकमेकांस न पाहातां एकच भाषा बोलूं शकतात. तथापि ती तराजू नव्हे. वजन यंत्र सांगतें. रंग व स्वच्छता या शेवटीं माणसाच्या डोळ्याच्या ठरावावर येतात. म्हणून तेथेंही एकाच खड्यास एकाहून अधिक परीक्षक पाहातात आणि मतें जुळवितात. झाडाखालच्या त्या मुलांची सभा, फक्त विजेच्या दिव्याखालीं भरलेली. उत्तरपत्रिकेस एक परीक्षक साठ गुण देतो व दुसरा बासष्ट. 'जी' आणि 'एच' यांतील अंतर कधीं कधीं तेवढेंच असतें, पण किंमतींत तें चांगलें जाणवतें.

भौतिकशास्त्रानें मात्र आपल्या जुन्या पारख्यांस एका बाबतींत दुजोरा दिला. हिरा म्हणजे कार्बन. त्यांत नत्रवायूचे अणु मिसळले म्हणजे पिंवळेपणा येतो. बोरॉन मिसळला तर निळेपणा. १९३४ सालीं इंग्लंडांत शास्त्रज्ञांनीं हिऱ्यांचे दोन वर्ग केले. त्यांतील दुसऱ्या वर्गाच्या हिऱ्यांत नत्र जवळजवळ नसतो. असे हिरे फार थोडे, आणि गोवळकोंड्याचे म्हणून गाजलेले कित्येक मोठे खडे त्याच वर्गांतले निघाले. आज लिलावांत 'गोवळकोंडा' हा शब्द खाणीचें नांव म्हणून जितका, तितकाच पाण्याच्या जातीचें नांव म्हणून वापरतात.

अलीकडे कारखान्यांत घडविलेले हिरे आले. तेही खरा कार्बन-स्फटिकच. भिंगाखालीं ओळखूं येत नाहींत, त्यासाठीं यंत्रें लागतात. त्यांपैकीं बहुतेक इतके स्वच्छ निघूं लागले कीं पट्टीच्या वरच्या टोकासच सर्वांची दाटी झाली; तेव्हां त्याच अमेरिकन संस्थेनें २०२५ सालीं, अशा हिऱ्यांस रंग-स्वच्छतेचीं जुनीं अक्षरें न देतां निराळ्या मोघम प्रती देण्याचें ठरविलें. पट्टी निसर्गाच्या दुर्मिळतेसाठीं बनविली होती, हें या निर्णयानें उघड झालें.

आपल्या घरांतून आजीच्या हिऱ्याच्या कुड्या असतात. खडे चपटे, बंद कोंदणांत बसविलेले, मागें चांदीचा पातळ पत्रा. आजच्या पेढीवर त्या नेल्या कीं घडण जुनी म्हणून भाव पडतो, आणि खडे नव्यानें घडवून घेण्याचा सल्ला मिळतो. सल्ला देणारा अप्रामाणिक असतोच असें नाहीं. त्याच्या हातांत एकच पट्टी आहे. पण घडणीची ती पट्टी गोल पैलूदार हिऱ्यांची, हें वर सांगितलेंच. या खड्यांस ती मुळीं लावतांच येत नाहीं. खडे कोंदणांत असतांना वजन नुसतें अंदाजाचें धरतात आणि रंगही पत्र्यामुळें खरा दिसत नाहीं. म्हणून विकावयाच्या असतील तर खडे सोडवून, समक्ष तोलून, मग भाव विचारावा. ठेवावयाच्या असतील तर त्या समईच्या उजेडांत एकदां पाहाव्या. त्या घडविल्या तेव्हां घरांत दुसरा उजेड नव्हता.